कापायला की पाळायला?

हैदराबादच्या नारायणगुड्यात सकाळी दूध आणायला बाहेर पडलेल्या कुणालाही आजचा अंड्याचा भाव विचारा, तो सांगेल. त्याला नाही सांगता आला तर किराणावाला सांगेल. कोंबडीचा भाव दुकानाबाहेरच्या पाटीवर खडूने लिहिलेला असतो: जिवंत इतके, कातडीसकट इतके, सोलून इतके. मटणाचा भाव कुणी लिहीत नाही, पण दर रविवारी तो किती चढला याबद्दल घराघरात कुरकुर होते, म्हणजे तोही सर्वांना ठाऊक असतो. सशाचं तसं नाही. घरी ससे पाळणाऱ्याकडे गेलात तर भाव सांगण्याआधी तो तुम्हालाच विचारतो, ‘काटने कू होना की पालने कू?’ तुम्ही काय उत्तर देता त्यावर आकडा ठरतो. जनावर तेच, पिंजरा तोच, वजन तेच.

वरवर पाहता यात काही चूक नाही. एकच वस्तू दोन गिऱ्हाइकांना दोन भावांनी विकणं हा व्यापाराचा जुना रिवाज आहे. पण इथे वस्तू जिवंत आहे, आणि भावाने तिचं पुढचं आयुष्य ठरतं. म्हणून मला वाटतं की हा प्रश्न विचारण्याची वेळच चुकते. घरच्या सशाचा भाव गिऱ्हाइकाच्या हेतूवर टांगता कामा नये. तो ससा वाढवायला काय लागलं, यावर तो उभा हवा. आणि पाळायला नेणाऱ्याला ससा कधीही खर्चाच्या खाली मिळू नये. हे दुसरं वाक्य लोकांना खटकतं. लेकरासाठी नेतोय, जीव लावणार आहेत, त्यांना दोन पैसे कमी घ्यायला काय हरकत, असं आपलं मन सांगतं. मनाचं हे म्हणणं सशाच्या जिवावर उठलेलं आहे.

नारायणगुड्याच्या उड्डाणपुलापासून जवळच एका जुन्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर एक मराठी काकू ससे पाळतात. हा भाग मराठी माणसाला परका नाही. इथली केशव मेमोरियल शाळा ज्यांच्या नावाने आहे ते न्यायमूर्ती केशवराव कोरटकर मराठीच. काचीगुडा, बरकतपुरा, सुलतानबाजार या पट्ट्यात नांदेड-परभणीकडची घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. काकूंकडे तीन माद्या आणि एक नर. लोखंडी जाळीचे पिंजरे विटांवर उचलून ठेवलेले, खाली पत्र्याचा ट्रे, ट्रेमध्ये जुना पेपर. दुपारी गच्चीचं दार उघडलं की सशाच्या मुताचा अमोनिया आधी नाकात शिरतो, ससे नंतर दिसतात. आंब्याची एक पेटी कापून गाभण मादीसाठी घरटं केलेलं. मादीने स्वतःच्या पोटाचे केस उपटून त्यात अंथरले होते आणि त्या पांढऱ्या पुंजक्याखाली काहीतरी वळवळत होतं. काकूंनी हात लावू दिला नाही. भिंतीला खिळ्यावर एक वही टांगलेली, तिच्यात मादी नराजवळ नेल्याची तारीख आणि पुढे एकतीस दिवसांनंतरची तारीख, एवढंच लिहिलेलं.

गिऱ्हाईक आलं की त्या पिल्लू मानेमागच्या सैल कातड्याला धरून, दुसरा हात बुडाखाली देऊन उचलतात; नुसते कान धरून उचलणाऱ्याला त्या ससा विकत नाहीत. मग कापडी पिशवीत घालून स्प्रिंगच्या काट्याला लावतात. ‘कापायला नेणारा माणूस काट्याकडे बघतो नि निमूट पैसे देतो,’ त्या म्हणाल्या. ‘पोरासाठी आलेले काट्याकडे बघतच नाहीत. रंग बघतात, आणि मग शंभर-दीडशे पाडून मागतात. खेळणंच आहे ना, म्हणतात.’

काकूंच्या या बोलण्यात दोन बाजार आहेत. खाटकाच्या बाजारात सशाला एक माप आहे, किलो. मापाला हुज्जत घालता येत नाही. पाळणाऱ्याच्या बाजारात माप नाही, फक्त गोंडसपणा आहे, आणि तो कसा मोजायचा हे विकणाऱ्यालाही कळत नाही. त्यामुळे तिथे सुरुवातीला भाव फुगवून सांगितला जातो आणि शेवटी खर्चाच्याही खाली सुटतो.

तेव्हा खर्चाचा हिशेब आधी मांडू. आकडे मी धरलेले आहेत. तुमच्याकडे खाद्याचा भाव वेगळा असेल तर आकडे बदला, रीत तीच राहील. तीन माद्या आणि एक नर. मादीचा गाभणकाळ साधारण एकतीस दिवसांचा, एका वेताला सहा-आठ पिल्लं, त्यातली काही दगावतात. घरगुती पाळण्यात मादीला पिळून काढायचं नसेल तर वर्षाला चार वेत पुरेत. वेताला पाच पिल्लं जगून विकली गेली असं धरलं तर तीन माद्यांची वर्षाला साठ. दूध पाजण्याचे दिवस धरून एका मादीला वर्षाला सत्तर किलो गोळीखाद्य लागलं आणि नराला पंचेचाळीस, तर एकूण दोनशे पंचावन्न किलो. किलोला ४० रुपये धरले तर १०,२०० रुपये, म्हणजे पिल्लाच्या वाट्याला आईबापाच्या खाण्याचे १७० रुपये. पिल्लू पाचव्या आठवड्याला आईपासून तोडलं आणि बाराव्या आठवड्याला दोन किलोचं झालं, तर मधल्या काळात ते पाच किलोच्या आसपास खाद्य खातं. ते झाले २००. पिंजऱ्याची झीज, खरजेचं औषध, उन्हाळ्यातला कूलर मिळून ४०. बेरीज ४१०.

इथे बहुतेक लोक हिशेब थांबवतात आणि साडेचारशेला ससा विकून चाळीस रुपये सुटले म्हणून खूश होतात. पण ट्रे कोण धुतं? सकाळ-संध्याकाळ पाणी कोण बदलतं? आई दूध पाजत नसेल तर तिला रात्री धरून पिल्लांना कोण लावतं? दिवसाला पाऊण तास धरा. वर्षाचे २७४ तास होतात. तासाला ५० रुपये, म्हणजे कमीच धरलेले, तरी १३,७०० रुपये. साठ पिल्लांत वाटले तर प्रत्येकी २२८. आता बेरीज ६३८ झाली. दोन किलोच्या सशाचं सोलून-साफ करून निम्म्याच्या आसपास, म्हणजे किलोभर मांस मिळतं. नफ्याचा एक रुपया न धरता घरच्या सशाचं मांस किलोला साडेसहाशेच्या घरात पडतं.

हे २२८ रुपये ‘घरचेच’ म्हणून पुसून टाकायची आपली सवय फार जुनी आहे. घरचं लोणचं, घरच्या शेवया, घरच्या कोंबडीची अंडी, सगळ्यांचा भाव बाईच्या वेळेला शून्य धरून निघतो, आणि मग तीच वस्तू दुकानात दुपटीने दिसली की दुकानदार लुटतो असं आपण म्हणतो. गच्चीवरचे ससे पाळणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, निदान ट्रे धुणाऱ्या तरी. पुरुष भाव ठरवतो आणि बाई ट्रे धुते, अशी घरं मी पाहिली आहेत. ज्या हिशेबात धुणाऱ्याचे हात नाहीत तो हिशेब नव्हे, ती फुशारकी. आणि हे हात मोजले नाहीत की पुढचं सगळंच स्वस्त होत जातं, पिल्लाचा जीवसुद्धा.

कुणी म्हणेल, घरी गोळीखाद्य कशाला हवं, भाजीबाजारातला पाला फुकट मिळतो. मिळतो. कोथिंबिरीच्या काड्या, मुळ्याचा पाला, गाजराची पानं, लसूणघासाची एखादी पेंढी यांवर खाद्याचा खर्च निम्म्यावर आणता येतो. पण पिल्लू वजनाला दोन-तीन आठवडे जास्त घेतं, ओला पाला अति झाला तर हगवण लागून एका रात्रीत अख्खं वेत जातं, आणि पाला निवडून आणणाऱ्याचा वेळ पुन्हा वाढतो. फुकट काही नसतं; खर्च फक्त खिशातून अंगावर सरकतो.

साडेसहाशे हा आकडा ऐकून कोंबडीशी तुलना होते, आणि तिथे ससा नेहमी हरतो. हरणारच. ब्रॉयलर कोंबडी किलोभर वजन वाढवायला दीड-पावणेदोन किलो खाद्य घेते, ससा साडेतीन किलोच्या आसपास. कोंबडीमागे पन्नास वर्षांची निवड, लस, उबवणी केंद्रं आणि गावोगाव पोचलेलं खाद्य उभं आहे. सशामागे अविकानगरची केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था, तामिळनाडूत कोडाईकॅनालजवळ मन्नावनूरचं तिचं केंद्र, काही कृषी आणि पशुवैद्यकीय विद्यापीठं, एवढंच. सशाची तुलना करायचीच तर ती इथल्या दुकानांत ‘नाटुकोडी’ म्हणून जास्त भावाने विकल्या जाणाऱ्या गावरान कोंबडीशी करा. ती हळू वाढते, जास्त खाते, आणि घेणारा हे जाणून जास्त देतो.

गावरान कोंबडीला हा मान मिळाला कारण तिला रोजचं गिऱ्हाईक आहे. सशाला नाही. हैदराबादसारख्या मांसाहारी शहरातही नाही, याची कारणं पाहण्यासारखी आहेत. सुन्नी मुसलमानांना ससा चालतो, शिया फिक्हात तो निषिद्ध आहे, आणि या शहरात दोन्ही समाज शेजारी राहतात. बोकड खाणाऱ्या हिंदू घरांत सशाला धर्माचा विरोध नाही, पण सवयही नाही. गावाकडच्यांना शिकारीच्या सशाची आठवण असते, तो रानससा. त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, त्याची शिकार आणि विक्री हा गुन्हा आहे. पाळीव ससा ही युरोपातून आलेली वेगळी जात. तो कापणं गुन्हा नाही, पण विकण्यासाठी कापायचा तर परवाना आणि स्वच्छतेचे नियम आले. गच्चीच्या मोरीत कापून पिशवीत भरून देणं त्यात बसत नाही. म्हणजे कायद्याने वागणाऱ्या घरगुती पाळणाऱ्याला ससा जिवंतच विकावा लागतो. जिवंत विकला की तो कापायला गेला की पाळायला, यावर त्याचा ताबा उरत नाही. भाव एवढाच एक लगाम त्याच्या हातात राहतो.

रोजचा भाव आकाशातून पडत नाही, कुणीतरी ठरवावा लागतो, हे आपल्याच देशातलं उदाहरण सांगतं. १९८० च्या सुमारास अंड्याचा भाव व्यापारी ठरवत आणि कोंबडीवाल्याला खर्चाच्या खाली अंडी द्यावी लागत. पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज उभी करणाऱ्या डॉ. बी. व्ही. राव यांनी उत्पादकांना एकत्र आणलं आणि १९८२ मध्ये नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी उभी राहिली. माझं अंडं, माझा भाव, माझं जगणं, या अर्थाची त्यांची घोषणा होती. आज हैदराबादसह देशातल्या विभागांचे भाव ती रोज जाहीर करते. त्या भावावर टीकाही होते, पण किराणावाल्याच्या तोंडी जो आकडा येतो त्यामागे ही चळवळ आहे. सशांसाठी असं काही कुणी करणार नाही, तेवढा धंदाच नाही. पण एका शहरातले दहा-वीस घरगुती पाळणारे एका आकड्याखाली विकायचं नाही असं ठरवू शकतात. त्याला कमिटी लागत नाही.

अर्थशास्त्र शिकलेला वाचक इथे मला अडवेल. भाव खर्चावर ठरत नाही, मागणीवर ठरतो. साडेसहाशे कुणी दिलेच नाहीत तर? तर मादी नराजवळ नेऊ नका. सशाच्या धंद्यात ही एक मोठी सोय आहे आणि तिच्याकडे कुणी पाहत नाही. आंब्याचं झाड यंदा भाव नाही म्हणून मोहरायचं थांबत नाही. ससा थांबवता येतो, नर वेगळ्या पिंजऱ्यात आहे तोवर. पुरवठा वहीतल्या तारखेने ठरतो, आणि ती तारीख लिहिणारा हात आपला असतो. मागचं वेत संपलं नाही तर पुढचं नाही, इतका साधा नियम पाळला तर पडत्या भावात विकायची वेळच येत नाही. पण होतं उलटं. ससे भराभर वाढतात याच कौतुकात माणूस सशांना वाढू देतो, गच्ची भरते, आणि मग जे मिळेल त्या भावाला पिल्लं काढली जातात. तेव्हा गिऱ्हाईक मिळतं ते लेकरांचं.

लेकरांच्या बाजारात उलटा प्रकार चालतो. मांसासाठी ससा बाराव्या आठवड्याला भावाला येतो. पाळण्यासाठी मात्र तो जितका लहान तितका प्रिय. तळहातावर मावणारं चार आठवड्यांचं पिल्लू सगळ्यात लवकर खपतं. विकणाऱ्यालाही ते सोयीचं, कारण पिल्लू आईच्या दुधावरून खाद्यावर येण्याचा काळ, म्हणजे मरण्याची सर्वांत जास्त शक्यता असलेला काळ, गिऱ्हाइकाच्या घरी जातो. चारमिनारजवळचा मुर्गी चौक असो नाहीतर कुठल्याही शहरातला पाखरं-प्राण्यांचा बाजार, टोपलीतलं पिल्लू स्वस्त दिसतं त्याचं अर्धं रहस्य हे आहे. मरणाचा खर्च भावातून काढून घेतलेला असतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ पासून केंद्राचे नियम आहेत, नोंदणी सक्तीची आहे. गच्चीवरून विकणाऱ्यापर्यंत ते पोचत नाहीत.

आठ आठवड्यांचं, दूध सुटलेलं, स्वतः खाणारं, कान आणि पंजे खरजेपासून स्वच्छ असलेलं पिल्लू द्यायचं तर वरच्या हिशेबाने काय पडतं? आईबापाचे १७०, मधल्या तीन आठवड्यांच्या खाद्याचे ५०, औषध वगैरे २५, हातांचे २२८, कारण निम्म्याहून जास्त कष्ट घरट्याच्या काळातच जातात. पावणेपाचशेच्या आसपास. याखाली पाळायला पिल्लू विकणारा एकतर स्वतःला फसवतो किंवा गिऱ्हाइकाला.

तरी स्वस्त दिलं तर बिघडलं काय, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर नारायणगुड्यातच आहे. राज्य सरकारचं सुपर स्पेशालिटी पशुवैद्यकीय रुग्णालय याच भागात आहे. लांबून लोक कुत्री-मांजरं घेऊन तिथे येतात. सशाचं आजारपण मोठं चोरटं असतं. तो ओरडत नाही, लंगडत नाही, कोपऱ्यात बसून राहतो. अर्धा दिवस त्याने काही खाल्लं नाही तर आतडी थांबू लागतात, आणि तेव्हा डॉक्टर लागतो, उद्या नव्हे, आजच. त्याचे दात आयुष्यभर वाढतात. चावायला गवत नसेल तर ते वाकडे वाढून तोंड बंद करतात. कुत्र्याच्या गोचिडांचं औषध त्याला लावलं आणि त्यात फिप्रोनिल असेल तर तो मरू शकतो. आता दोनशेला आणलेल्या सशासाठी ऑटोला जाऊन-येऊन दोनशे, वर औषधाचे तीनशे, हा खर्च घरात कोण करतं? बाप म्हणतो, त्यापेक्षा नवा आणू. तो दुष्ट नाही. भावाने त्याला जे सांगितलं तेच तो बोलतोय. भावाने सांगितलं होतं की हा जीव दोनशेचा आहे, आणि बदलून मिळतो.

नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो. दुसरीतल्या मुलीसाठी आणलेला ससा ती बारावीला जाईपर्यंत घरात असणार. त्याचं गवत, नसबंदी, उन्हाळ्यातला कूलर यांच्यापुढे पाचशे रुपये ही रक्कमच नाही. ज्याला पाचशे जड वाटतात त्याला ससा जड आहे, हे विकत घेण्याच्या दारातच कळलेलं बरं. भाव इथे नफ्यासाठी नाही, चाळणीसाठी आहे.

आणि उन्हाळा. पोरांच्या शाळा एप्रिलच्या शेवटी सुटतात, तेव्हाच सशांची सर्वात जास्त मागणी असते, आणि तेव्हाच हैदराबादचा पारा चाळिशीला टेकतो. ससा घाम गाळत नाही. पस्तिशीच्या वर त्याला धाप लागते, कानांतून जेवढी उष्णता टाकता येईल तेवढी तो टाकतो, मग आडवा पडतो. नर या दिवसांत काही आठवडे वांझ होतात. काकू पिंजऱ्यांवर ओली पोती टाकतात आणि फ्रीजरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या कपड्यात गुंडाळून आत ठेवतात. ससे त्यांना टेकून झोपतात. ज्या घरात पिल्लू जाणार तिथे हे कोण करणार? सुट्टीत घेतलेला ससा सुट्टी संपायच्या आत मेला, ही गोष्ट इतक्या घरांत ऐकली आहे की आता तिचं कुणाला आश्चर्य वाटत नाही. व्यापाराचा नियम सांगतो, मागणी वाढली की माल काढा. घरगुती पाळणाऱ्याने नेमकं इथे व्यापाऱ्यासारखं वागू नये.

सशाला आणखी एक भाव असतो आणि तो सगळ्यात घातक. ना कापायचा, ना पाळायचा, पैदाशीचा. ‘एक युनिट घ्या, सात माद्या, तीन नर, पिल्लं आम्ही परत विकत घेऊ.’ या भावात ससा कुणी खातही नाही आणि कुणाच्या अंगाखांद्यावर खेळतही नाही. तो फक्त पुढच्या युनिट घेणाऱ्याला विकला जातो. पत्रकातला हिशेब वाचताना मला १२०२ मधला गणिती फिबोनाचीचा ससा आठवतो. त्याच्या पुस्तकातल्या कोड्यात एका जोडीच्या वर्षाअखेर ३७७ जोड्या होतात. गणित बिनचूक आहे, कारण त्यातला एकही ससा मरत नाही, खात नाही, आणि विकला जाण्याची वाट पाहत नाही.

महाराष्ट्राने हा खेळ सशावर नाही तरी कोंबडीवर पुरता भोगला. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या महारयत अ‍ॅग्रोचं कडकनाथ प्रकरण उघडकीस आलं. काळ्या कोंबडीची अंडी आणि पक्षी चढ्या भावाने परत घेण्याच्या वचनावर अनेक जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी पैसे गुंतवले होते. खरेदी थांबली, पक्षी खाद्याविना मेले, फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले. त्याआधी २०१२ मध्ये तामिळनाडूतल्या पेरुंदुराईच्या सुसी इमू फार्म्सचं असंच प्रकरण उघडकीस आलं होतं. कडकनाथ चांगली कोंबडी आहे, इमू निरुपद्रवी पक्षी आहे. खोटा होता तो भाव. तो भाव म्हणजे शशशृंग, सशाला नसलेलं शिंग, होतं. सांगणारा पाहिल्याची शपथ घेत होता.

सशांवर तर हे जगभर झालं आहे. जपानात मेइजी काळाच्या सुरुवातीला परदेशी सशांचं वेड लागलं. रंगीत ठिपक्यांच्या सशाला अफाट भाव आले, नोकरी गेलेले सामुराई त्यात उतरले. १८७३ मध्ये तोक्योच्या प्रशासनाने दर सशामागे महिन्याला एक येन कर लावला आणि भाव कोसळले. अमेरिकेत १८९८ ते १९०१ च्या दरम्यान बेल्जियन हेअर या सशाची लाट आली. फशोदा नावाच्या एका नराला ५,००० डॉलर भाव सांगितला गेला. लाट ओसरली तेव्हा उरले ते नुसते ससे, आणि त्यांचं काय करायचं हा प्रश्न. प्रत्येक ठिकाणी भाव तोवरच टिकला जोवर शेवटी खाणारा किंवा पाळणारा कोण, हे कुणी विचारलं नाही.

याच्या उलट टोकाची गोष्ट व्हेनेझुएलाची. २०१७ मध्ये अन्नटंचाईवर उपाय म्हणून तिथल्या सरकारने गरीब वस्त्यांत पाळून खाण्यासाठी ससे वाटले. काही दिवसांनी मंत्री फ्रेडी बर्नाल यांनीच सांगितलं की लोकांनी सशांना रिबिनी बांधल्या, नावं ठेवली, कुशीत घेऊन झोपले. कापायला कुणी तयार नव्हतं. जगभर हसू झालं. मला त्यात हसण्यासारखं दिसत नाही. फुकट आलेल्या सशाला भाव नव्हता, त्यामुळे तो काय आहे हे त्या घरांना आधी ठरवावं लागलं नाही. नंतर त्यांनी ते मनाने ठरवलं.

म्हणून आधी ठरवावं. एकाच घरात दोन्ही प्रकारचे ससे वाढवणं मला अनीतीचं वाटत नाही, जरी काही प्राणिप्रेमी तसं म्हणतात. ससा विकूच नये, असलेल्यांनाच दत्तक घ्यावं, हे त्यांचं म्हणणं कुत्र्यांबाबत मला पटतं. सशांबाबत, निदान मांस खाणाऱ्या समाजात, ते अपुरं आहे. चांगला वाढवलेला, बारा आठवडे धडपणे जगलेला आणि एका क्षणात मारलेला ससा मला त्या सशापेक्षा कमी दुःखी वाटतो, जो चार आठवड्यांचा असताना दोनशे रुपयांत खेळणं म्हणून विकला गेला आणि मे महिन्यात बाल्कनीत तडफडून मेला. खाटकाच्या हातचं मरण आपल्याला दिसतं म्हणून क्रूर वाटतं. बाल्कनीतलं मरण ‘नशीब त्याचं’ म्हणून सोडून दिलं जातं.

अनीती आहे ती लपवण्यात. पाळायला पिल्लू नेणारी आई विचारते, ‘बाकीच्यांचं काय करता हो?’ आणि विकणारा विषय बदलतो. न खपलेलं पाळीव पिल्लू चौथ्या महिन्यात कुणाला नको असतं, ते वजनावर जातं, हे प्रत्येक पाळणाऱ्याला ठाऊक आहे. सांगून टाकावं. काकू सांगतात. काही गिऱ्हाइकं त्यामुळे परत जातात, काही मुद्दाम जास्त वयाचं पिल्लू मागतात. वेत जन्मलं की त्या वहीत लिहून ठेवतात, हे वेत कोणत्या वाटेचं. एकदा लिहिलं की रंग कितीही सुंदर निघाला तरी वाट बदलत नाहीत. यात थोडा कोरडेपणा आहे, पण भावाचा कोरडेपणा जिवाला परवडतो.

घरी ससे पाळणाऱ्या नारायणगुड्याच्या आणि कुठल्याही गावच्या वाचकांना माझी विनंती आहे. वही ठेवा, आणि तिच्यात स्वतःचे तास लिहा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कुणालाही देऊ नका. एप्रिल-मे मध्ये लेकरासाठी ससा मागायला येणाऱ्याला पाऊस पडेपर्यंत थांबायला सांगा. आणि पाचशेच्या खाली मागणाऱ्याला, मग तो सशाचं काहीही करणार असो, सरळ नाही म्हणा.